सेखेमूने कूस बदलली

दोन देशांचे एक राज्य करणे हे राजाचे कर्म आहे. त्यासाठी गदा लागते, नौका लागतात, आणि एकाच मस्तकावर दोन मुकुट धारण करण्याचे धैर्य लागते. परंतु त्या दोन देशांतील माणसांनी एका चुलीवरचे अन्न निःशंक मनाने खाणे, हे कोणत्याही राजाच्या आज्ञेने घडत नाही. सेवा करणाऱ्या हाताकडे जो संशयाने पाहतो, तो त्या हाताचा अपराध करतो. आणि मृताच्या बाजूने प्रश्न विचारायला जो कचरतो, तो मृताचा अपराध करतो. या दोहोंमधून न्यायाची जी वाट जाते ती फार अरुंद आहे. आमच्या गावाला त्या वाटेवरून एकदा चालावे लागले.

मी मूळचा वरच्या देशाचा, म्हणजे नाईलच्या दक्षिण खोऱ्यातला. पांढऱ्या मुकुटाच्या राजाने सागराकडचा सखल देश जिंकून तांबडा मुकुटही आपल्या शिरी घेतला, तेव्हा त्याच्या नौकांतून जी कुटुंबे इकडे वसायला आली, त्यांत माझे एक होते. इथे नदीला बोटांसारखे फाटे फुटतात, आणि पूर आला की प्रत्येक गावाचे बेट होते. आमच्या बेटाच्या वरच्या अंगाला आम्ही दक्षिणेकडचे राहतो, खालच्या अंगाला मूळचे उत्तरेचे. मध्ये डुकरांचे आवार आहे. डुकरे त्यांची, दर्प मात्र उभयतांचा.

माझे काम मृतांना निजवण्याचे. आमच्या रीतीप्रमाणे मृताचे मस्तक दक्षिणेला ठेवावे, गुडघे छातीशी घ्यावेत, आणि त्याला डाव्या कुशीवर निजवावे. असे केले की त्याचे मुख पश्चिमेकडे येते. मृतांचा देश तिकडेच आहे. उत्तरेचे लोकही मस्तक दक्षिणेलाच ठेवतात, पण निजवतात उजव्या कुशीवर, त्यामुळे त्यांचे मृत उगवत्या सूर्याकडे पाहत राहतात. त्यांची वाळूची टेकडी निराळी आहे आणि आमची निराळी, म्हणून यावरून कधी कलह झाला नव्हता. आमच्यात मात्र एक धारणा पूर्वापार आहे. पुरलेला मनुष्य पश्चिमेकडून तोंड फिरवतो तो एकाच कारणाने. त्याला मागे राहिलेल्यांपैकी कोणावर तरी बोट ठेवायचे असते.

सेखेमू आमच्यातला जाणता नावाडी-सुतार होता. त्याच्या हातच्या नावेत पाणी शिरले असे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. त्याची पत्नी इकडे येण्यापूर्वीच निवर्तली होती. घरात विधवा बहीण बेनेत, मुलगा खेंती, आणि खेंतीची बायको नेथमेर. ही नेथमेर खालच्या अंगाची, उत्तरेची. दोन्ही अंगांमध्ये झालेला तो पहिलाच विवाह. त्या दिवशी दोन्हीकडच्या लोकांनी जवाचे मद्य भरपूर घेतले; मात्र आपापल्या घड्यातले.

पुढे सेखेमूच्या बरगडीखाली गाठ आली. ताप चढू लागला. पुराचे पाणी वाढत होते आणि तो वाळत होता. नेथमेर त्याचे सर्व करी. पेज पाजी, अंग पुशी. बेनेत दारात बसून पाहत राही. मी समाचाराला जाई तेव्हा त्या दोघींचे बोलणे कानी पडे.

"यात काय टाकलंयस ग?" बेनेत वाडग्यात नाक खुपसून विचारी.

"कांदा, आत्याबाई."

"तुमच्याकडे कांदा असा हिरवा दिसतो होय?"

"तुमच्याकडचाच आहे. सकाळी तुम्हीच तर निवडलात."

"निवडला मी. शिजवला कोणी?"

आणि मग मला बाजूला घेऊन ती म्हणे, "काका, एक लक्षात ठेवा. माझा भाऊ त्यांच्या राजाविरुद्ध लढलेला. हिचा बाप त्याच लढाईत गेला. आणि आता ही त्याला भरवतेय! तुम्हाला पटतं का?"

बेनेतची शंका मला पटत नव्हती असे मी म्हणणार नाही. नेथमेरने मला भाकरी पुढे केली की मी पोट भरल्याचे सांगत असे.

सेखेमू गेला. घरच्यांनी त्याला न्हाऊ घालून, गुडघे मिटवून, मुख तेवढे उघडे ठेवून तागाच्या वस्त्रात गुंडाळून माझ्या स्वाधीन केले. होडीतून मी त्याला आमच्या टेकडीवर नेले, रीतीप्रमाणे निजवले, जवळ लाकूड तासायची त्याची तांब्याची वाकस ठेवली, वर चटई बांधून वाळू लोटली. काही दिवसांनी घरची मंडळी भाकरी आणि मद्य घेऊन टेकडीवर आली. नेथमेर घरीच थांबली होती. पाहतो तो खड्ड्याची एक कड कोल्ह्यांनी उकरलेली. चटई नीट करण्यासाठी मी वाळू दूर सारली, गाठ सोडली, आणि माझे हात तसेच राहिले.

सेखेमू उजव्या कुशीवर होता. त्याचे मुख पूर्वेकडे होते.

बेनेत किंचाळली नाही. ती हळूच खाली बसली आणि पाण्यापलीकडे बोट दाखवून म्हणाली, "पूर्वेला काय आहे, बघा तरी. आपलं घर आहे. दादा आपल्या घराकडे बघतोय."

खेंतीने बापाच्या तोंडाकडे पाहिले, मग पाण्यापलीकडच्या आपल्या छपराकडे पाहिले. छपरातून धूर निघत होता. चूल पेटलेली होती, आणि चुलीपाशी कोण होते हे सर्वांस ठाऊक होते.

दुपारपर्यंत ही वार्ता बेटभर पसरली. आमच्या अंगाच्या बायकांनी नेथमेरच्या वाटेवरून पाण्याला जाणे सोडले. संकट एवढ्यावर थांबले असते तर काळाने ते विरून गेले असते. परंतु तिचा चुलता पेबू, डुकरांचा धनी, मद्य पिऊन आमच्या आळीत आला आणि मोठ्याने म्हणाला, "काय रे दक्षिणवाल्यांनो! जिवंतपणी आमच्या राजाला वाकवलंत. आता तुमचाच म्हातारा मेल्यावर आमच्या सूर्याकडे वळला! शहाणा निघाला की नाही?"

"तोंड सांभाळ, पेबू," मी म्हणालो.

"मी कशाला सांभाळू? तुम्ही तुमच्या मढ्यांची तोंडं सांभाळा!"

त्यामुळे शंका दुप्पट झाली. कोणी म्हणाले, नेथमेरने विष दिले म्हणून म्हातारा तिच्याकडे वळला. कोणी म्हणाले, पेबूने मंत्र घालून प्रेत वळवले. मला तर क्षणभर बेनेतचीच शंका आली. सुनेवर आळ यावा म्हणून हिनेच तर वळवले नसेल? ज्याने त्याने आपापल्या मनातला चोर शोधून ठेवला होता.

हे सर्व इपकाच्या कानी गेले. इपका म्हणजे राजाचा मुद्राधारी. धान्याच्या आणि तेलाच्या घड्यांच्या तोंडावरच्या ओल्या मातीवर ससाण्याची मुद्रा उमटवणे हे त्याचे काम. आणि स्वतः मुद्रा उमटवलेला घडाही पुढच्या क्षणी हलवून पाहणे हा त्याचा स्वभाव. राजाची नौका करभार न्यायला येणारच होती. अपराधी मनुष्य त्या नौकेतून राजाच्या समाधीच्या कामावर पाठवला जाई. तिकडे गेलेला मनुष्य आमच्या गावाने परत आलेला पाहिला नव्हता, आणि राजा निवर्तला की ती माणसेही त्याच्याबरोबर कशी निजवली जातात याबद्दल लोक हलक्या आवाजात बोलत. नेथमेरच्या मस्तकावर हे टांगलेले होते, आणि तिला ते ठाऊक होते.

इपकाने सर्वांना टेकडीवर बोलावले. बेनेत, खेंती, नेथमेर, पेबू आणि मी अशी आम्ही दोन होड्यांतून गेलो. मी पुन्हा वाळू सारून चटई सोडली. ऊन कडक होते.

इपकाने प्रथम मलाच धरले. "काका, खड्डा तुम्हीच उघडलात, तुम्हीच बंद केलात. वाकस तांब्याची होती म्हणे?"

"आहे अजून. त्याच्या हाताशी आहे."

त्याने वाकून पाहिले, वाकस हातात घेऊन उन्हात फिरवली, तिचे वजन जोखले, आणि पुन्हा ठेवली. "हं. म्हणजे चोर नव्हे." त्याचा स्वर किंचित निराश वाटला. मग तो पेबूकडे वळला. "आणि तू? मंत्रबिंत येतात म्हणे तुला?"

पेबूची नशा केव्हाच उतरली होती. "मला मंत्र येत असते, धनी, तर माझी डुकरं का मेली असती गेल्या उन्हाळ्यात?"

"मग आळीत जाऊन ओरडलास कशाला?"

"घेतली होती. घेतली की मी राजासुद्धा होतो."

कोणी हसले नाही. इपका बेनेतला म्हणाला, "तुम्ही बोला, आत्याबाई. आळ तुम्ही घेतलाय."

"मी आळ घेतला नाही. दादाने घेतलाय. तो तोंडाने बोलू शकत नाही म्हणून वळला. तो कोणाकडे बघतोय ते तुम्हाला दिसतंच आहे."

"घरात तुम्हीही राहता."

"मी त्याची बहीण आहे!"

"बहिणींनीही भावांना विष दिल्याचं मी ऐकलंय," इपका शांतपणे म्हणाला. बेनेतचे ओठ पांढरे पडले. त्या माणसाच्या दृष्टीत कोणीच निर्मळ नव्हते.

उन्हाने तोंडे सुकली होती. नेथमेरने होडीतून आणलेला पाण्याचा घडा उचलला, वाडगा भरला, आणि सवयीने प्रथम नवऱ्यापुढे धरला. खेंतीने वाडगा घेतला. तो ओठांपर्यंत नेला. आणि पिण्यापूर्वी त्याने आत डोकावून पाहिले.

ते डोकावणे डोळ्याचे पाते लवण्याइतकेच होते. परंतु नेथमेरने पाहिले, आणि आम्ही सर्वांनी पाहिले. तिने त्याच्या हातून वाडगा काढून घेतला, स्वतः घटाघटा पिऊन रिकामा केला, आणि वाळूवर उपडा घातला.

"मीच वळवलं मामंजींना," ती म्हणाली.

पेबूने कपाळावर हात मारला. "गप्प बस, पोरी!"

"नाही बसत. दुसऱ्या दिवशी पहाटे आले होते मी. होडी घेऊन, एकटी. वाळू काढली, चटईची गाठ सोडली, आणि त्यांना वळवलं. लव्हाळ्याच्या भाऱ्यासारखे हलके झाले होते. मग पुन्हा सगळं होतं तसं केलं."

"तुमच्या सूर्याकडे," इपका म्हणाला. "तुमच्या रीतीने."

"कसली रीत? माझ्या ते मनातसुद्धा आलं नाही! तोंड कुठे येतं ते मी बघितलंही नाही." तिचा आवाज फाटला. "त्यांची गाठ डाव्या बाजूला होती. त्या कुशीवर घटकाभरही निजवत नव्हतं त्यांना. रोज पहाटे कण्हायला लागायचे, मला हाक मारायचे, मी उठून उजव्या कुशीवर करायचे की मग डोळा लागायचा. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना त्याच बाजूवर निजवलंत. कायमचं. वर वाळू घातलीत. मला घरी झोप येईना. मला ते कण्हणं ऐकू येत होतं."

टेकडीवर वारा नव्हता. मी सेखेमूकडे पाहिले. मी त्याला वस्त्रात गुंडाळलेला असाच स्वीकारला होता. गाठ कोणत्या अंगाला हे मी विचारले नव्हते, कारण आमच्या कामात तसे विचारण्याची पद्धत नाही. डावी कूस म्हणजे डावी कूस. या बाईने ना दक्षिण पाहिली, ना उत्तर; आम्ही मात्र तिच्या त्या कृतीत सबंध एका देशाचे वैर वाचले होते, आणि पेबूने सबंध एका देशाचा विजय.

परंतु हे सत्य आहे हे कशावरून? बोलणे गोड रचता येते. इपकालाही तेच वाटले असावे, कारण तो बराच वेळ तिच्याकडे, एखाद्या घड्याच्या तोंडावरची मुद्रा फुटलेली तर नाही ना असे पाहावे, तसा पाहत राहिला. मग म्हणाला, "घरात आणखी कोण निजत होतं?"

"मी नावा घडवायच्या छपराखाली निजायचो," खेंती खाली मान घालून म्हणाला. "लाकडं वाहून जातील म्हणून."

"मग राहिल्या आत्याबाई." इपका तिच्याकडे वळला. "एकच विचारतो. तुमचा भाऊ शेवटी डाव्या कुशीवर निजत होता की नव्हता?"

त्या क्षणी नेथमेरचा जीव बेनेतच्या जिभेवर होता. ती 'निजत होता' एवढे म्हणाली असती तर सूनबाई राजाच्या नौकेत बसली असती, आणि कोणी बेनेतला खोटे म्हटले नसते. तिने सुनेकडे पाहिले नाही. पेबूकडे पाहिले नाही. ती भावाच्या तोंडाकडे पाहत होती. तिचा जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला.

"नव्हता निजत," ती म्हणाली.

नंतर जे शब्द आले ते रागानेच आले. "रोज पहाटे हाक मारायचा तो. मी पलीकडेच असायची, जागी. पण हाक कोणाला? तर हिला! 'पोरी, मला वळव.' लहानपणी पडसं झालं तर माझ्या मांडीवर निजणारा माणूस. मी उठायच्या आत ही उठलेली असायची. मग मी डोळे मिटून पडून राहायची." तिने पदराच्या टोकाने नाक पुसले. "मीच न्हाऊ घातलं त्याला. गाठ मीच पाहिली, काळी पडलेली. तरी डाव्या कुशीवर ठेवू दिला, रीत म्हणून. मला सुचलं नाही ते हिला सुचलं. आता करा काय करायचं ते."

खेंतीने हात पुढे केला, पण नेथमेरने तो घेतला नाही. तेवढ्याने मिटणारे ते नव्हते.

इपका अजून समाधानी नव्हता. "विष नाही, ठीक. पण खड्डा उघडणं हा राजाच्या कायद्याने गुन्हाच आहे."

बेनेत ताडकन उभी राहिली. "कोणाचा खड्डा? आमचा! आजाऱ्याला कुशीवर करणं हे सुनेचं काम. घरातली सून सासऱ्याची कूस बदलते ती चोरी होते होय, मुद्राधारी? मग उद्या माझ्या अंगाखालची चटई झटकलीत तर तुम्हीही चोर!"

"मी नाही झटकणार तुमची चटई," इपका घाईघाईने म्हणाला. त्या दिवशी प्रथमच कोणीतरी हसले. तो पेबू होता.

तरीही खरा प्रश्न तसाच होता, आणि तो माझा होता. सेखेमूला आता निजवायचे कसे? डाव्या कुशीवर वळवावे तर त्या काळ्या गाठीवर. आणि असाच उजवीवर ठेवावा तर मुख पूर्वेला, पश्चिमेकडे पाठ. मी दोन्ही रीती मनाशी मांडून पाहिल्या. एका रीतीत वेदना होती, दुसऱ्या रीतीत वाट चुकणे होते. मी म्हणालो, "इकडून निजवला तर दुखतं, तिकडून निजवला तर वाट चुकते. मला तर तिसरं काही सुचत नाही."

"अहो, मग डोकं फिरवा की त्याचं!" बेनेत म्हणाली.

"डोकं?"

"डोकं इकडे, पाय तिकडे. उन्हाची तिरीप आली तर चटई फिरवत नाही का आपण? डोकं उत्तरेला करा. मग उजव्या कुशीवरच राहील आणि तोंड पश्चिमेला येईल. एवढी वर्षं लोकांना निजवताय, काका, आणि हे मला सांगायला लागतं?"

मी खड्ड्याच्या काठावर उभा राहून ते मनात फिरवून पाहिले. ती म्हणत होती ते बरोबर होते. पण असे आजवर कोणी निजलेले नव्हते. आमच्या टेकडीवरही नाही, त्यांच्या टेकडीवरही नाही. "रीत मोडते," मी म्हणालो.

"कोणाची?" इपकाने विचारले. दक्षिणेला मस्तक ठेवणे ही दोघांचीही रीत होती. ती मोडायची तर दोघांचीही थोडीथोडी मोडत होती. मग तो म्हणाला, "राजा दोन्ही मुकुट घालतो, तेव्हा कोणता आधी आणि कोणता नंतर असं त्याला कोणी विचारत नाही. फिरवा."

आम्ही सेखेमूला चटईसकट उचलले. मस्तकाकडून मी आणि खेंती, पायांकडून पेबू. त्याला कोणी बोलावले नव्हते, तो आपणच उतरला. कडेला उभी राहून नेथमेर सांगत होती, "हळू. डाव्या बगलेखाली हात घालू नका." आणि तिच्यामागून बेनेत तेच शब्द पुन्हा म्हणत होती, जणू आम्हाला उत्तरेची बोली कळत नव्हती. मस्तक उत्तरेला आले. तो उजव्या कुशीवर स्थिर झाला, आणि त्याचे मुख पश्चिमेकडे वळले, जिकडे पाण्यावर ऊन कलू लागले होते.

परतताना दोन होड्या होत्या. इपका माझ्या होडीत बसला, आणि बसण्यापूर्वी त्याने तिचा तळ पायाने दाबून पाहिला. दुसऱ्या होडीत नेथमेर पुढे बसली होती, खेंती मागे वल्हे मारीत होता, आणि दोघांच्या मध्ये बेनेत. खेंतीला त्या वाडग्याची क्षमा केव्हा मिळाली, मिळाली की नाही, हे मी विचारले नाही. ते त्या घराचे आहे. एवढेच सांगतो की राजाची नौका आली, धान्य घेऊन गेली, आणि आमच्या बेटावरून कोणी मनुष्य तीत बसला नाही.

सेखेमूला पश्चिमेची वाट सुखाची होवो, आणि त्या वाटेवर त्याची कूस न दुखो. ज्या हाताने त्याला वळवले त्या हाताला कधी अन्न कमी न पडो. ज्या जिभेला सत्य जड गेले, तरी जिने ते उच्चारले, तिला वार्धक्यात गोड घास मिळोत. आणि ज्याने पाण्यात डोकावून पाहिले, त्यालाही एके दिवशी न पाहता पिण्याची शांती लाभो.